पावशेर तूप : स्वप्न, ऋण आणि जगाचे खरेपण

१

जग खरे की खोटे, हा प्रश्न भारतीय दर्शनांत जेव्हा जेव्हा उपस्थित झाला, तेव्हा तेव्हा त्याच्या सोडवणुकीसाठी एक उदाहरण हमखास हाताशी घेतले गेले. ते उदाहरण म्हणजे स्वप्न. झोपेत दिसलेले हत्ती, राजवाडे आणि आप्तस्वकीय जाग येताच नाहीसे होतात. त्याच न्यायाने जागेपणीचे हे जगही एका अधिक खोल जागृतीत नाहीसे होईल, असा हा युक्तिवाद आहे. दोरीवर भासणारा साप आणि शिंपल्यावर भासणारे रुपे ही याच उदाहरणाची भावंडे. परंतु दोरीवरचा साप हा जगाच्या एका कोपऱ्यात घडणारा क्षणाचा भ्रम असतो, तर स्वप्न हे स्वतःचे दिक्काल बरोबर घेऊन येणारे सबंध जग असते. म्हणूनच जगाच्या मिथ्यात्वाच्या चर्चेत स्वप्नाचे वजन इतर उदाहरणांपेक्षा अधिक राहिले.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत अशा उदाहरणाला ‘दृष्टान्त’ म्हणतात. वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही मान्य असलेली गोष्ट, हा त्याचा अर्थ. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त हा शब्द याच अर्थाच्या जवळ राहून बोधकथेसाठी योजलेला आहे. मराठीच्या दैनंदिन वापरात मात्र या शब्दाला एक दुसराच अर्थ आहे. देव किंवा गुरू स्वप्नात येऊन काही सांगून जातो, तेव्हा ‘दृष्टान्त झाला’ असे म्हटले जाते. तत्त्वज्ञाच्या हाती स्वप्न हा जगाच्या खोटेपणाचा दृष्टान्त असतो. भाविकाला स्वप्नात होतो तो दृष्टान्त सर्वांत खरा असतो. एकाच शब्दाने एकाच अनुभवाकडे अशा परस्परविरुद्ध दिशांनी बोट दाखवावे, ही बाब केवळ कोशकाराच्या कुतूहलापुरती मर्यादित नाही.

वारकरी कवींनी या दोन अर्थांच्या मधल्या जागेत उभे राहून जगाच्या खरेपणाची कसोटीच बदलली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. ‘काय टिकते’ या प्रश्नाऐवजी ‘कशाचे देणे लागते’ हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. या प्रतिपादनाचा भूगोल लहान आहे. देहू-आळंदीवरून येणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते. पुढे भीमा एका बाजूस शिरूर आणि दुसऱ्या बाजूस दौंड असे दोन तालुके ठेवीत वाहते आणि पंढरपुरास पोहोचताना चंद्रभागा होते. देहूच्या डोहात जे टाकले गेले आणि पंढरीकडे जे नेले जाते, त्या दोहोंच्या मधला हा टापू आहे. जग खरे की खोटे हा प्रश्न या टापूत ग्रंथांइतकाच दप्तरांत, चुलींवर आणि पाणवठ्यांवर विचारला गेला.

२

स्वप्नाच्या खोटेपणाचा निर्णय दर्शनांनी कोणत्या कसोट्यांवर केला, हे प्रथम पाहिले पाहिजे. अशा दोन कसोट्या प्रमुख आहेत.

पहिली कसोटी कार्यक्षमतेची. जे काही कार्य घडवते ते खरे. स्वप्नात जेवलेल्याचे पोट भरत नाही, म्हणून स्वप्नातले अन्न खोटे. बाह्य वस्तूंचे अस्तित्व नाकारणाऱ्या वसुबंधूंच्या ‘विंशतिके’त हा आक्षेप प्रतिपक्षाच्या तोंडी येतो आणि वसुबंधू त्याला उत्तर देतात ते देहाच्याच साक्षीने. स्वप्नातील समागम बाह्यतः घडलेला नसूनही त्याचा देहावर प्रत्यक्ष परिणाम होतो, म्हणजेच वस्तू नसतानाही कार्य घडू शकते. ‘माण्डूक्यकारिकां’च्या वैतथ्यप्रकरणात गौडपाद उलट बाजूने त्याच जागी येतात. जागेपणीच्या वस्तूंची उपयुक्तता स्वप्नात बाधित होते; भाष्याने दिलेल्या उदाहरणाप्रमाणे, पोटभर जेवून निजलेला माणूस स्वप्नात भुकेने व्याकूळ झालेला असतो. अन्नाची कार्यक्षमता दोन्ही अवस्थांत आपापल्या हद्दीपुरतीच आहे, तर एकीला खरी व दुसरीला खोटी कोणत्या आधारावर म्हणावे?

दुसरी कसोटी बाधाची. जे पुढील ज्ञानाने खोडले जात नाही ते खरे. शंकराचार्यांनी ‘ब्रह्मसूत्रभाष्या’त विज्ञानवादाचे खंडन करताना या कसोटीचा आधार घेऊन जागृती ही स्वप्नासारखी नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. स्वप्न जागेपणी बाधित होते; जागेपणीचा खांब तसा बाधित होत नाही. ज्यांना सर्रास ‘मायावादी’ म्हणून ओळखले जाते, त्या आचार्यांनीच दैनंदिन जगाच्या खरेपणाची इतकी ठाम बाजू घेतली होती, ही गोष्ट मराठी चर्चेत वारंवार विसरली जाते. पुढे अद्वैत परंपरेने पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशी सत्तेची उतरंड पक्की केली आणि स्वप्नाला तिच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसवले.

परंतु त्याच भाष्यात दुसऱ्या एका ठिकाणी आचार्य एक सवलत देतात. स्वप्नात साप चावला, तर साप खोटा आणि चावणेही खोटे. पण ‘साप चावल्याचे मला जाणवले’ ही जाणीव जागा झालेला माणूस खोटी मानीत नाही. स्वप्नातील विषय खोडला जातो, अनुभव खोडला जात नाही. खोट्या गुरूकडून आणि खोट्या शास्त्राकडून खरी मुक्ती कशी मिळेल, या शंकेचे निरसन करण्यासाठी ही सवलत आवश्यक होती. आचार्यांना ती एका युक्तिवादापुरती हवी होती. तिच्यातून उघडलेल्या दाराने सुमारे आठशे वर्षांनंतर देहूचा एक वाणी आत गेला.

३

तुकारामांनी आपल्या गुरूपदेशाची हकीकत ज्या अभंगात सांगितली आहे, तो मराठीतील स्वप्नकथनाचा सर्वांत विलक्षण नमुना म्हणावा लागेल. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले, आणि स्वप्नात त्या मागणीचा विसर पडला. राघवचैतन्य व केशवचैतन्य ही परंपरेची खूण सांगून आणि बाबाजी हे आपले नाव सांगून गुरूंनी मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. वर्ष अभंगात नाही. तिथी-वाराच्या मेळावरून ते काढण्याचे प्रयत्न संशोधकांनी केले, परंतु त्यावर एकमत झालेले नाही.

स्वप्नाला तिथी आणि वार असणे ही पहिली लक्षणीय गोष्ट. प्रातिभासिक म्हणून ज्याची बोळवण करायची त्याची नोंद कोणी पंचांगात करीत नाही. दुसरी गोष्ट तुपाची. उपदेशाच्या इतक्या संक्षिप्त कथनात या तुपाचे प्रयोजन काय? आध्यात्मिक रूपक म्हणून त्याची सोडवणूक करण्याचे मार्ग भाष्यकारांना मोकळे आहेत, परंतु ‘पावशेर’ हे माप अशा रूपकाला दाद देत नाही. तत्त्वाला वजन नसते. ते दुकानातल्या तुपाला असते.

रोलां बार्थ यांनी १९६८ साली लिहिलेल्या ‘वास्तवाचा परिणाम’ या अर्थाच्या शीर्षकाच्या निबंधात फ्लोबेरच्या एका कथेतील वायुभारमापकाची चर्चा केली आहे. त्या खोलीत ते यंत्र टांगलेले आहे. कथानकाला, पात्रांना वा प्रतीकव्यवस्थेला त्याचा काहीही उपयोग नाही. बार्थ यांच्या मते अशा निरुपयोगी तपशिलाचे काम एवढेच असते की, ‘हे वास्तव आहे’ असे त्याने वाचकाला सूचित करावे. पावशेर तूप हाही प्रथमदर्शनी असाच तपशील वाटतो. साक्षीदार आपल्या जबानीत एखादी अनावश्यक बारीक गोष्ट सांगतो आणि त्यामुळेच ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो, तसा.

तथापि या दोन तपशिलांत एक मूलभूत भेद आहे. फ्लोबेरचा वायुभारमापक कोणाकडून काही मागत नाही. तूप मागितले गेले आहे, आणि दिले गेलेले नाही. आपल्या सेवेत काही उणे पडले की काय आणि म्हणूनच गुरूंनी निघण्याची घाई केली की काय, अशी रुखरुख अभंगात राहून जाते. ती शेवटपर्यंत मिटत नाही. वायुभारमापक वाचकाला वास्तवाची हमी देतो. पावशेर तूप सांगणाऱ्याला देणेकरी करून ठेवते. तपशिलाने घडवलेला वास्तवाचा परिणाम आणि मागणीने घडवलेले वास्तव यांतील हे अंतर आहे. वास्तववादी कादंबरीच्या मापाने संतकाव्य मोजणाऱ्या समीक्षेच्या हातून नेमके तेच निसटते.

नामदेवांच्या स्वप्नदर्शनाच्या अभंगातही हीच रचना आढळते. पांडुरंगाला सोबत घेऊन नामदेव स्वप्नात येतात, कवित्वाचे काम सांगतात आणि शतकोटी अभंगांच्या आपल्या संकल्पातील उरलेला वाटा तुकारामांच्या अंगावर टाकतात. येथेही संख्या आहे, माप आहे आणि बाकी आहे. आज उपलब्ध असलेल्या गाथ्यात साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. शतकोटीच्या हिशेबात ही फेड नगण्य ठरते. हे देणे एका आयुष्यात फिटणारे नव्हते आणि कवीला ते ठाऊक होते. जागे झाल्यावर ज्याचे देणे लागत नाही ते स्वप्न, असा व्यवहाराचा सिद्धान्त असतो. तुकारामांच्या बाबतीत जागे झाल्यावरच देणे सुरू झाले.

येथे कवीचा व्यवसाय विसरून चालणार नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात ज्याचे दुकान बसले, ज्याची पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि लोकांत ज्याची पत गेली, त्या माणसाला ‘देणे’ हा शब्द अलंकार म्हणून वापरता येत नाही. जग मिथ्या आहे असे तुकारामही अनेक अभंगांत म्हणतात. पण भूक मिथ्या आहे, असे त्यांनी दुसऱ्याच्या भुकेविषयी कोठे म्हटलेले नाही.

४

व्यवहाराचे खरेपण कोठे साठवलेले असते, या प्रश्नाला सतराव्या शतकातील मराठी गावाचे उत्तर ‘दप्तरात’ असे होते. कोणते शेत कोणाचे, सारा किती, कोण कोणाचा देणेकरी हे कुलकर्ण्याच्या नोंदीने ठरे. नोंद नाही ते नाही. आजही सातबाऱ्यावर ज्याचे नाव लागलेले नाही, त्याचे शेतात उभे असणे कचेरीच्या दृष्टीने असणेच नसते. व्यावहारिक सत्ता ही परिभाषा या अर्थाने अगदी शब्दशः घ्यावी लागते. ती सत्ता आहे आणि कोणाच्या तरी हातात आहे.

या पार्श्वभूमीवर तुकारामांनी खते इंद्रायणीत बुडवल्याची हकीकत नव्याने वाचता येते. महिपतींनी ‘भक्तलीलामृता’त (१७७४) सांगितल्याप्रमाणे तुकारामांनी येणे असलेल्या रकमांची खते भाऊ कान्होबांशी वाटून घेतली आणि फक्त आपल्या वाट्याची डोहात टाकली. खते वाटून घेण्याचा तपशील महत्त्वाचा आहे. सर्वच व्यवहार माया असता, तर भावाच्या हिश्श्याची पर्वा करण्याचे कारण नव्हते. स्वतःचे येणे खोटे ठरवण्याचा अधिकार माणसाला असतो. दुसऱ्याचे येणे तो खोटे ठरवू शकत नाही. स्वतः देणे असलेले ऋण तर नाहीच नाही. येणे बुडवणारा हा माणूस पावशेर तुपाचे देणे मात्र जन्मभर वागवतो.

याच वळणावर घोडनदीकाठच्या शिरूरचे निळोबा मकाशीर भेटतात. त्यांचे घराणे शिरूरच्या कुलकर्ण्यांचे. परंपरा सांगते की, देवपूजा आणि दप्तर यांचा मेळ बसेना तेव्हा निळोबांनी कुलकर्णीपण सोडले आणि पुढे ते पारनेर तालुक्यातील पिंपळनेरला राहिले. ज्या घराने गावाचे खरेखोटे लिहून ठेवायचे, त्या घरातील माणसाने लेखणी खाली ठेवावी आणि पुढील आयुष्य एका अशा गुरूच्या शोधात घालवावे की ज्याची नोंद आता कोणत्याही दप्तरात जिवंत म्हणून नव्हती, ही घटना बोलकी आहे. तुकारामांचा निर्याणकाल १६४९ वा १६५० असा दिला जातो. निळोबांना त्यांचा अनुग्रह झाला तो त्यानंतर.

त्या अनुग्रहाविषयी वारकऱ्यांत प्रसिद्ध असलेली कथा या चर्चेच्या दृष्टीने मोलाची आहे. निळोबा तुकारामांसाठी धरणे धरून बसले असता प्रत्यक्ष विठ्ठल समोर आला. निळोबांनी त्याला विचारले की, तुला बोलावले कोणी? न मागता आलेल्या देवाला त्यांनी स्वीकारले नाही. अखेर तुकाराम आले तेव्हा त्यांचे समाधान झाले. ही कथा सामान्यतः गुरुभक्तीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यात एक ज्ञानमीमांसेचा मुद्दा दडलेला आहे. केवळ समोर दिसणे, मग ते देवाचे का असेना, खरेपणाला पुरेसे नाही. ज्याच्याशी आपले देण्याघेण्याचे नाते आहे, त्याचेच येणे खरे. दर्शनाची तीव्रता ही कसोटी निळोबांनी नाकारली आणि नात्याची कसोटी लावली. कुलकर्ण्याच्या घरात हिशेब पाहत वाढलेल्या माणसाला हे सुचावे, यात नवल नाही.

५

स्वप्न हे गुरूपदेशाचे ठिकाण का झाले, याचे एक सामाजिक कारणही आहे. जागेपणीच्या जगात मंत्राच्या दारावर पहारा होता. कोणी कोणाला उपदेश करावा, कोणाच्या तोंडून काय ऐकावे हे अधिकारभेदाने ठरलेले होते. स्वप्नात पहारेकरी नसतात. शूद्र म्हणवणाऱ्या तुकारामांना स्वप्नात उपदेश झाला तो चैतन्य परंपरेतील गुरूकडून; आणि बहिणाबाईंना स्वप्नात उपदेश झाला तो या तुकारामांकडून. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा, ही गोष्ट वेदपाठी पतीला सहन होण्यासारखी नव्हती. बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत त्या छळाची आणि मारहाणीची हकीकत आहे. उपदेशाच्या स्वप्नाला त्यांनीही तिथी-वार जोडले आहेत, हे सहज म्हणून सोडून देण्याजोगे नाही. पुढे ‘वज्रसूची’चे मराठी अभंगरूप करून ब्राह्मण्य जन्माने येते काय हा प्रश्न त्यांनी उभा केला, तो या स्वप्नाचाच दूरवरचा परिणाम मानता येईल.

प्रातिभासिक, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरील सत्तेने व्यावहारिक सत्तेला येथे धक्का दिलेला दिसतो. म्हणूनच ‘जग खरे की खोटे’ हा प्रश्न विचारणारा उतरंडीच्या कोणत्या टोकाला उभा आहे, यावर त्याचा अर्थ बदलतो. ज्याच्या हाती व्यवहाराच्या किल्ल्या आहेत, त्याला दोन सत्यांची वाटणी सोयीची असते. परमार्थात सर्व एक आणि व्यवहारात विटाळ चालू, अशी ती सोय आहे. जातिभेद खोटाच आहे असे म्हणून तो मोडण्याची जबाबदारी टाळता येते, आणि व्यवहारात तो खरा आहे असे म्हणून तो पाळताही येतो.

या सोयीवरचा सर्वांत तिखट प्रश्न ज्यांनी विचारला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १९२७ रोजी आले होते. भीमेच्या काठावरील त्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत, त्यांत अनेक महार सैनिकांची आहेत. ज्यांना गावच्या दप्तरात वेशीबाहेरची जागा होती, त्यांची नावे दगडावर येथे होती. पुढे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या त्यांच्या हयातीनंतर, १९८७ मध्ये, महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी ब्रह्मविचाराची मीमांसा केली आहे. प्रत्येक माणूस ब्रह्म असेल तर लोकशाहीला याहून भक्कम पाया कोणता, असे ते मानतात. आणि लगेच विचारतात की, मग या विचाराचे सामाजिक परिणाम का झाले नाहीत? जग मिथ्या मानणारा वेदान्त आणि जग ब्रह्मरूप म्हणून खरे मानणारा ब्रह्मवाद, असा भेदही ते करतात. परंतु त्यांच्या दृष्टीने दोहोंचे अपयश एकच आहे: सिद्धान्त दर्शनात राहिला, धर्मात आणि व्यवहारात उतरला नाही.

६

या आक्षेपाला ज्ञानदेवांच्या चिद्विलासाने उत्तर मिळते, असे मराठी अभ्यासकांपैकी अनेकांना वाटत आले आहे. ‘अमृतानुभवा’त, विशेषतः त्याच्या प्रदीर्घ सातव्या प्रकरणात, ज्ञानदेवांनी अज्ञान नावाचे काही स्वतंत्र तत्त्व आहे ही कल्पनाच निकालात काढली. अज्ञानच नाही तर त्यातून निर्माण झालेले मिथ्या जगही नाही. जे दिसते तो एका चैतन्याचा स्वतःशी चाललेला विलास आहे. जगाला येथे त्याचे खरेपण परत मिळते, आणि तेही ब्रह्माच्या मोठेपणाला उणेपणा न आणता. मायावादाच्या तुलनेत ही भूमिका जगाकडे अधिक प्रसन्न नजरेने पाहते, हे निर्विवाद आहे.

तरीही एक अडचण उरते. सर्वच चैतन्याचा विलास असेल, तर अन्याय हाही विलासच ठरेल. भीमेचे पाणी हे याचे रोजच्या पाहण्यातले उदाहरण आहे. इंद्रायणी काय, मुळा-मुठा काय, शहरांचे सांडपाणी घेऊन भीमेत उतरतात, आणि तेच पाणी दौंडकडच्या उसाला मिळते, विहिरींत झिरपते आणि पुढे चंद्रभागेत तीर्थ म्हणून ओंजळीत घेतले जाते. मायावादी या घाणीला व्यवहार म्हणून बाजूला सारू शकतो. चिद्विलासवादी तिला स्फुरण म्हणून सामावून घेऊ शकतो. दोघांपैकी कोणाच्याही सिद्धान्तातून ‘हे साफ करणे कोणाचे देणे आहे’ हा प्रश्न आपोआप निघत नाही. जग खरे ठरले तरी जबाबदारी ठरत नाही. ऋणाची कसोटी नेमकी या जागी उपयोगी पडते. आपल्याकडून ज्याची मागणी आहे आणि जी नाकारून आपल्याला पूर्वीचे राहता येत नाही ते खरे, असे ती सांगते.

या कसोटीवरही आक्षेप घेता येतो, आणि तो गंभीर आहे. भ्रमिष्टालाही आवाज ऐकू येतात, आणि ते त्याच्याकडून भयंकर गोष्टी मागतात. दृष्टान्ताच्या आधारे जमिनी, मान आणि इनामे मिळवल्याच्या कथा तर देवस्थानांच्या इतिहासात कमी नाहीत. मागणी आहे एवढ्यावरून ती खरी कशी मानावी? संतांच्या स्वप्नांची रचना पाहिली असता याचे उत्तर काही अंशी मिळते. तुकारामांच्या स्वप्नात कोणी तिसरा देणेकरी झालेला नाही. देणे आहे ते स्वप्न पाहणाऱ्याचे. त्याच्या येण्यात स्वप्नाने भर घातलेली नाही. उलट, होते ते येणेही त्याने बुडवले. जो दृष्टान्त पाहणाऱ्याचे येणे वाढवतो तो संशयास्पद. जो त्याचे देणे वाढवतो त्याची निदान सुनावणी झाली पाहिजे. दुसरे असे की, हे देणे गुप्त राहिले नाही. ते अभंगात आले, कीर्तनात सांगितले गेले, लोकांच्या परीक्षेला उतरले. व्यवहारात खऱ्याखोट्याचा निवाडा नाण्याच्या रूपावर होत नाही. चारचौघांत ते वाजवून पाहिले जाते. तशी ही स्वप्ने चारचौघांत वाजवली गेली.

एवढे मान्य करूनही ही कसोटी पूर्ण नाही, हे स्वीकारले पाहिजे. तिने परमाणू खरे की नाहीत, दिक्काल मनाबाहेर आहेत की नाहीत, याचा निर्णय होत नाही. तो प्रश्न आजच्या भौतिकशास्त्राकडे आणि त्याच्या मीमांसकांकडे राहतो, आणि तेथेही त्याचे उत्तर सरळ नाही. ऋणाची कसोटी त्या प्रश्नाला उत्तर देत नाही. त्याच्या उत्तरासाठी काय थांबवून ठेवता येणार नाही, ते सांगते. विश्वाच्या अंतिम स्वरूपाचा निकाल लागेपर्यंत शेजाऱ्याची भूक आणि वेशीबाहेरच्याचे पाणी स्थगित ठेवण्याची मुभा ती देत नाही.

७

तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेला पालखी सोहळा आजही लोणी काळभोरहून निघाला की, दौंड तालुक्यात यवत आणि वरवंड असे मुक्काम करीत पुढे जातो. पालखीत पादुका असतात. ज्यांच्या त्या पादुका, तो माणूस पावणेचारशे वर्षांपूर्वी दिसेनासा झाला. तर्कशुद्ध दृष्टीने ही सबंध वारी एका अनुपस्थित माणसाभोवती चाललेली आहे, आणि ज्या कवित्वाच्या बळावर ती चालते त्याची मागणी एका स्वप्नात झालेली होती.

यवतला मुक्काम असतो त्या दिवशी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी देण्याची रीत आहे. गावातील घराघरांतून भाकरी येतात आणि पिठले मोठमोठ्या कढयांत शिजते. पावसाची वाट पाहण्याच्या या दिवसांत गावाला ते परवडते की नाही, हा प्रश्न रीतीने गौण मानलेला आहे. भाकरी भाजणाऱ्या बायकांना जग सत्य की मिथ्या असे विचारले, तर त्यांपैकी बहुतेकींना ‘संसार खोटा आहे’ हे वाक्य पाठ असेल. आणि ते म्हणत असताना तव्यावरची भाकरी करपू नये म्हणून त्या ती उलटतील. या दोन गोष्टींत विसंगती पाहणारी मीमांसा भाकरीलाही समजत नाही आणि त्या वाक्यालाही. खोटा आहे तो ‘माझे येणे’ म्हणून उराशी धरलेला संसार. भाकरी दुसऱ्याची आहे, म्हणून ती खरी आहे.

गुरूंनी स्वप्नात मागितलेले पावशेर तूप देहूच्या वाण्याकडून द्यायचे राहून गेले. ते कोणत्याही दप्तरात येणे म्हणून लावलेले नाही आणि कोणत्याही जागृतीने ते खोडले गेलेले नाही.